बारा आण्याचा बगळा

पेनच तर हाय! ऐकलं का? मी नुसतं माझ्या गेलेल्या पेनाचं नाव काढलं, तर ह्यो पावना काय म्हनला ऐकलं का तुमी? पेनच तर हाय, म्हने! अहो, उद्या तुमचा बैल बाजारात सुटला अन् मी कट्ट्यावर बसून म्हनलं, बैलच तर हाय, तर चालंल का तुमाला? न्हाई ना? मग! आता बसा इथं, त्या गठड्यावर बसा, गाडीला लय येळ हाय, लढाई सुरू झाल्यापासून ह्या सेलूच्या ठेसनावर कोनती गाडी येळेवर आली हाय? तुमाला सांगतो काय झालं ते, समदं सांगतो, अन् मग म्हना, पेनच तर हाय!

मी बसवंतराव. इथल्या कचेरीसमोरच्या लिंबाखाली बसतो, अर्जनवीस. कुनाची जमिनीची तकरार, कुनाची मारामारी, कुनाची बायको म्हायेराहून यीना, आले माझ्याकडं, मी लिहितो उर्दूत दरखास्त, कारन कचेरीत चालती उर्दू, अन् आपल्या मानसाला उर्दूचा ओ की ठो येत न्हाई. तेच मानूस संध्याकाळी येऊन म्हनतो, बसवंतराव, लेकीला एक पत्र लिहा, मग ते मराठीत. म्हंजी दिवसभर लिहायचं. अन् कशानं? टाकानं! टाक दौतीत बुडवा, दोन शब्द लिहा, पुन्ना बुडवा, ‘बखिदमत जनाब तहसीलदारसाहेब’ एवढं लिहीपर्यंत तीनदा बुडी, अन् वारं सुटलं की दौत आडवी, अन् दौत आडवी झाली की समोरच्याचं धोतर निळं, अन् धोतर निळं झालं की मूळ तकरार बाजूला अन् माझ्याशी तकरार सुरू! तवा मला नाद लागला फौंटनपेनाचा. पन ऐपत कुठली? विलायती पेन हातात धरायचा म्हनलं तर शेताचा तुकडा इकावा लागंल. म्हनून स्वस्तातला. कुठं स्वस्तातला फौंटनपेन दिसला की बसवंतराव तिथं हजर. सोनपेठच्या बाजारात बघितले, पिंगळीच्या ठेसनावर गाडीत इकनाऱ्याकडून घेतले, हैद्राबादला जानाऱ्याच्या हातापाया पडून मागिवले... आमची कारभारीन चन्नबसम्मा म्हनायची, ‘अवो, दुसऱ्याचे नवरे दारूला पैशे घालतेत, त्यांचं निदान सकाळी उतरतं तरी!’

पयला पेन घेतला तो असा गळका, असा गळका की आत शाई हाय का मोट सोडली हाय तेच कळंना. आता आमी पडलो लिंगायत मानसं, गळ्यात लिंग, पांढऱ्या रुमालात बांधून छातीवर. अन् खिसा कुठं? छातीवर! दुपारी घरी आलो, आंघोळीला सदरा काढला, तर सदरा निळा, छाती निळी, अन् देवाचा रुमालबी निळाभोर! चन्नबसम्मानं कपाळाला हात लावला, ‘अवो, देवाला काय केलं हे!’ पळतच गेलो मठात, स्वामींच्या पुढं लोटांगन घातलं, म्हनलं, माझ्या हातून पाप झालं. स्वामींनी बघितलं, लय येळ बघितलं, अन् म्हनले, ‘बसवंतराव, म्हादेव निळकंठ हाय हे खरं, पन त्याला रंगवायचं काम तुमाला कुनी सांगितलं?’ तो पेन तिथंच मोडला.

दुसरा घेतला. गळत नव्हता, बरा होता, हाताला बसायलाच लागला होता, तेवढ्यात आली खंडेनवमी. खंडेनवमीला शेतकऱ्यानं औत पुजायचं, सुतारानं करवत पुजायची, अर्जनवीसानं काय पुजायचं? पेन. बरोबर हाय, पुजायला पायजे, ज्याच्यावर पोट हाय त्याला नमस्कार करायलाच पायजे, माझं काय म्हननं न्हाई. पन मी आंघोळीला गेलो अन् इकडं चन्नबसम्मानं त्याला घातला अभिषेक! पंचामृताचा! टोपन काढून! दूध, दही, तूप, मध, साखर... मी ओल्या अंगानं बोंबलत आलो तर म्हनती कशी, ‘वरून वरून पुजा केली तर पावतो का देव?’ मंडळी, तुपानं जीभ जाम झाली. म्हंजी निबेच्या खाली ती जीभ असती न्हव का, तिच्यातून शाई उतरती, ती जाम! गरम पान्यात ठिवला, झटकला, फुंकला, दोन दिवसांनी लिहायला लागला, म्हनलं सुटलो. तर तहसीलदारसाहेबांच्या टेबलावर माझी दरखास्त गेली अन् साहेब वरडले, ‘बसवंतराव! ये क्या है? अर्ज चल रहा है!’ बघतो तर काय, वळीवर मुंग्यांची वळ! मधावर आलेल्या! एकेका अक्षरावर चार चार, ‘जनाब’वर तर वारूळच! अन् तुमी म्हन्ता, पेनच तर हाय!

असे किती सांगू? एकाची निब मऊ, एकाचं टोपन ढिलं, एक उन्हात ठिवला तर केळ्यावानी वाकला. पन समद्यात खोड एकच, अन् ही मातूर नीट ध्यान देऊन ऐका, कारन समदं हितंच हाय. उर्दू लिहायची उजवीकडून डावीकडं. मराठी लिहायची डावीकडून उजवीकडं. निब काय हो, नव्या वहानंवानी असती, ज्याच्या पायात पडंल त्याच्या चालीनं झिजती. मी दिवसभर लिहायचो उर्दू, त्यामुळं निब झिजायची त्याच अंगानं, अन् संध्याकाळी मराठी पत्र लिहायला घेतलं की खर्र... खर्र... कागुद फाटायचा. ‘चिरंजीव’ लिहायला जावं तर चि वर शितोडे अन् जीव जायचा माझा. समदे पेन सरकारी नोकर होऊन बसले, मराठी बोललं की खेकसायचे!

अन् मग... मग मला घावला बगळा. परभणीच्या उरुसात, बांगड्याच्या दुकानाशेजारी एक म्हातारा घोंगडी टाकून बसला होता, त्याच्याकडं. जपानी माल. हिरवागार, टोपनाला पितळी पट्टी, पट्टीवर एका पायावर उभा बगळा. वरची अक्षरं जपानी, कोन वाचनार? मी आपलं नाव ठिवलं बगळा. बारा आने, तेबी निजामाचं हाली नानं, इंग्रजांचं महाग कलदार न्हाई! घरी आनला, काचंच्या नळीनं शाई भरली, लिहिलं. पयले म्हैना दोन म्हैने तसाच, इतरांवानीच. पन मग काय झालं देव जाने, सुदरला! उर्दू लिहा, लोन्यावानी. मराठी लिहा, लोन्यावानी! दोन्हीकडून! मी लिंबाखाली बसून लोकांना दाखवायचो, हे बघा जाताना, हे बघा येताना! साहेबांनी दस्तखत करून बघितली अन् म्हनले, ‘वाह बसवंतराव, क्या चीज है!’ बरं गुन किती सांगू? कधी गळला न्हाई. कधी वाळला न्हाई. अन् आपला आपुन साफ राहायचा! खरंच सांगतो, सकाळी निबेवर शाई साकळलेली दिसायची अन् दुपारी झोपून उठलो की चकचकीत! मी समद्यांना सांगायचो, जपानी लोकांची काय अक्कल हो, स्वतःची आंघोळ स्वतः करनारा पेन!

त्याच्यात सुरू झाली लढाई, अन् लढाईत उतरला जपान. जपानी माल बंद! उरुसात गेलो तर म्हाताऱ्याच्या घोंगडीवर नुसते कंगवे. मी बगळ्याला हात लावून बघितला, खिशात हाय का म्हनून. आता ह्या मुलखात असा दुसरा न्हाई अन् येनार न्हाई. गेला तर गेला. अन् तुमी म्हन्ता, पेनच तर हाय!

तर अशात माझ्या लेकीचं लगीन ठरलं. शिवम्मा. एकुलती एक. चार बुकं शिकलेली, मीच शिकवली, पाटीवर. सोनपेठच्या अण्णारावांचं स्थळ आलं, कापडाचं दुकान, मुलगा रामलिंग, शांत, खाली मान घालून बसनारा. मी म्हनलं, गुनी हाय. खाली मान घालून बसनाऱ्या जावयावर कधी इसवास ठिवू नका, मंडळी!

आता लगीन म्हनलं की जावई रुसनार. रुसलाच पायजे, न्हाई रुसला तर लोक म्हनतेत, पोरात काय दम न्हाई. मानाच्या पंगतीला बसायचं, पानाला हात लावायचा न्हाई, सासऱ्यानं इचारायचं, त्यानं मागायचं, मग घास. तवर पंगतीत कुनीच जेवायचं न्हाई. मी हुशार मानूस, आधीच अण्णारावांना गाठलं, म्हनलं, व्याही, पोरगं काय मागनार हाय ते सांगून ठिवा, ऐन टायमाला घोडं नको मागायला. अण्णाराव खोकले, मिशीवर हात फिरवला, ‘न्हाई वो, आमचं पोरगं साधं हाय. फौंटनपेन मागंल.’ फौंटनपेन! मंडळी, माझ्या डोळ्यात पानी आलं. म्हनलं, ह्यो माझा जावई! हैद्राबादहून मागिवला, विलायती, सोन्याची निब, मखमलीची डबी. होय, तुकडा इकला न्हाई, पन चन्नबसम्माच्या पाटल्या सावकाराच्या पेटीत काही दिस पावन्या गेल्या, ते सोडा.

लगनाच्या दिवशी सकाळी जावईबापू जानवश्यात एकटेच बसलेले. मी गेलो, म्हनलं दोन शब्द बोलावं. बोलायचं काय? मला दुसरं काय येतंय? बगळा काढला. घंटाभर सांगितलं. निब कशी झिजती, जीभ कशी राहती, जाताना कसा, येताना कसा, आंघोळ कशी करतो... जावई खाली मान घालून नुसता, ‘हूं मामा... हूं मामा.’ स्वतःच्या हातानं, मंडळी! स्वतःच्या तोंडानं!

बसली पंगत. केळीची पानं, भात, वरन, अन् गव्हाची हुग्गी, गूळ घालून शिजवलेली, वर तुपाची धार. जावयाचा हात मांडीवर. चला, सुरू झालं! मी फेटा नीट केला, पुढं झालो. मखमलीची डबी चन्नबसम्माच्या पदराखाली तयार. मी ठरवलं होतं, जरा रंगवावं, चार मानसात नाव व्हावं. म्हनलं, ‘जावईबापू, जेवा.’ गप. ‘काय पायजे ते बोला.’ गप. मग मी असा छातीवर हात मारला, अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हनलं, ‘मागा! ह्या घरातलं मागा, दारातलं मागा, माझ्या अंगावरचं मागा, मागाल ते देतो, न्हाई दिलं तर बसवंत नाव लावनार न्हाई!’ मांडव खूश! कुनीतरी वा वा म्हनलं. जावयानं हळूच मान वर केली. म्हनला, ‘पेन.’ मी म्हनलं, बस्स एवढंच? आना गं डबी! तर तो बोट करतो... कुठं? माझ्या खिशाकडं! ‘मामा, ह्यो.’

मी खिशावर हात दाबला. मी म्हनलं, बापू, चुकायलात तुमी, हे बघा, सोन्याची निब! विलायती! ‘ह्यो.’ अहो ह्यो बारा आन्याचा हाय, जुना, झिजलेला, माझ्या उष्ट्या हाताचा! ‘ह्यो.’ ती कालवड घेऊन जा, पांढरी, पहिलारू! ‘ह्यो, मामा.’ दोन्ही पेन... न्हाई, म्हंजी हा सोन्याचा आत्ता घ्या, अन् बगळ्यासारखा दुसरा मागिवतो, लढाई संपू द्या! मंडळी, मी अण्णारावांकडं बघितलं, ते मिशीआडून हसायलेत. स्वामींकडं बघितलं, की बाबा काढा ह्यातून, तर स्वामी पानावरनं नजर न काढता म्हनले, ‘बसवंतराव, शब्द तुमीच दिला. अन् हुग्गी निवायलीय.’ दोनशे मानूस पानावर! कुनी मला बघायलंय, कुनी हुग्गीला! एक म्हातारा तर मोठ्यानं म्हनला, ‘अरे देऊन टाक की, पेनच तर हाय!’

तेवढ्यात चन्नबसम्मा कानाशी आली. म्हनली, ‘पोरगी सकाळपासून उपाशी हाय. तो जेवल्याबिगर ती जेवायची न्हाई.’ मी बघितलं. शिवम्मा जावयाच्या शेजारी, बाशिंगाच्या मागून माझ्याकडंच बघायली होती. काढला पेन. दिला. जावयानं दोन्ही हातानं घेतला, माझ्या पाया पडला, पयला घास खाल्ला, अन् अख्खा मांडव हुग्गीवर तुटून पडला.

संध्याकाळी लेकीला वाटं लावताना मी असा रडलो, असा रडलो, की बायका म्हनल्या, बापाचा जीव बघा लेकीवर. आता खरं सांगू का? तुमी परके म्हनून सांगतो. निम्मं रडू लेकीचं होतं अन् निम्मं पेनाचं. अन् त्याची लाज वाटून आनखी रडलो. जाऊ द्या.

त्या सोन्याच्या निबेचं काय झालं म्हन्ता? अहो, ती कचेरीच्या कागदावर चालंना! तिला पायजे गुळगुळीत विलायती कागुद, आपला कागुद असा की वरनं लिहिलं की खालच्या तीन पानांवर उमटतंय. शाई पसरून ‘जनाब’चं ढेकूळ. साहेब म्हनले, ‘बसवंतराव, हाथ को क्या हुआ?’ काय सांगू साहेबांना? हात ठीक हाय, जावई चांगला निघाला! दोन म्हैने सोसलं. मग म्हनलं, लाज गुंडाळून ठिवायची. अण्णारावांना पत्र लिहिलं. इकडं समदे खुशाल, तिकडची खुशाली कळवा, पाऊसपानी कसं काय, कालवड गाभन हाय, अन् सहज आठवलं म्हनून लिहितो, जावईबापूंना तो जुना पेन त्रास देत असंल तर बदलून देतो, सोन्याच्या निबेचा, वरनं एक फेटा.

आठ दिसांनी उत्तर आलं. पाकीट फोडलं. बघतो तर अक्षर अण्णारावांचं न्हाई, जावयाचं न्हाई. शिवम्माचं! अन् काय अक्षर, मंडळी! डावीकडून उजवीकडं, सरळ, कुठं अडखळ न्हाई, कुठं शितोडा न्हाई. मी अक्षर ओळखायच्या आधी निब ओळखली. बगळा!

लिहिलं होतं, ‘तीर्थरूप अप्पांना साष्टांग नमस्कार. अप्पा, ह्यांच्यावर रागावू नका. पेन मागा असं मीच सांगितलं होतं, हळदीच्या दिवशी नणंदबाईंच्या कानात. तुमी दुपारी जेवून झोपायचे, सदरा खुंटीला असायचा, तवा मी रोज पेन काढून लिहायची. तुमच्या वाया गेलेल्या दरखास्तीच्या मागं. दोन वरसं लिहिलं. लिहून झालं की निब पुसून ठिवायची, तुमाला कळू नये म्हनून.’

पुसून ठिवायची! अन् मी गावभर सांगत होतो, स्वतःची आंघोळ करतो! जपानी लोकांची अक्कल म्हने! म्हंजी सकाळी मी उर्दूनं इकडून झिजवायचो, दुपारी ती मराठीनं तिकडून झिजवायची, तवा तो दोन्हीकडून लोन्यावानी चालत होता. अन् मिशीवर ताव मारायचो मी!

खाली लिहिलं होतं, ‘मी मागितला असता तर तुमी दिला नसता, अप्पा. लेकीला न्हाई म्हनता येतं. जावयाला न्हाई म्हनता येत न्हाई.’

हे वाचलं, अन् पुन्ना पयल्यापासून वाचलं. लिंबाखाली चार मानसं दरखास्तीसाठी उभी, ती उभीच. खरं होतं हो. दिला नसता. म्हनलं असतं, पोरीच्या जातीला फौंटनपेन कशाला, पाटी हाय की. ह्याच तोंडानं म्हनलं असतं, पेनच तर हाय, काय करायचाय तुला? मानूस आपल्या लेकीला वळखत न्हाई, निबेला वळखतो! लय वाईट वाटलं मंडळी, अन् खोटं कशाला बोलू, लय बरंबी वाटलं. तिथं सोनपेठला घर मोठं, मानसं नवी, पन हातात एक वस्तू तिच्या ओळखीची हाय.

तर असं समदं हाय. आता तुमी, पावनं, तुमी गंगाखेडला उतरून सोनपेठलाच जायलात म्हनलात न्हव का? मग ही एवढी बाटली घेऊन जा. पत्राच्या शेवटी तिनं लिहिलंय, सोनपेठला चांगली शाई मिळत न्हाई, धाडून द्या. मी स्वतः गेलो असतो, पन खोटं न्हाई बोलत, पेन बघितला की हात शिवशिवंल. उभी धरा, आडवी न्हाई, बूच ढिलं हाय, अन् हां, खिशात ठिवू नका. अण्णारावांचं कापडाचं दुकान, कुनीबी दावंल. अन् एक करा, बाटली माझ्या लेकीच्याच हातात द्या, जावयाच्या देऊ नका... त्याला आता रुसून मागायची सवय लागली, अन् माझ्या अंगावर धोतर-सदऱ्याशिवाय काय राहिलंय हो?